क्षमेचे द्वार आणि द्वारपाल



ख्रिस्ती धर्माचे सार थोडक्यात सांगा, असे कोणी म्हटले तर बहुतेक ख्रिस्ती माणसे सांगतील की, देव पाप्याचा स्वीकार करतो, आणि तो त्याची योग्यता पाहून नव्हे, तर केवळ आपल्या कृपेने करतो. हे वाक्य इतक्या वेळा कानांवरून गेलेले असते की, त्यात काही अवघड आहे असे वाटतच नाही. क्षमा करणारा देव कोणाला नको असतो? परंतु इतिहास चाळू लागले म्हणजे हे वाक्य वाटते तितके सोपे राहत नाही. देव क्षमा करतो, याविषयी ख्रिस्ती लोकांत फारसा वाद कधी झाला नाही. वाद झाला तो निराळ्याच गोष्टीवर. देवाने ज्याला क्षमा केली त्याला आपण आपल्या पंक्तीला बसवायचे की नाही, आणि बसवायचे तर कधी, हा तो प्रश्न. या प्रश्नावरून पडलेल्या पहिल्या मोठ्या फुटीची हकीकत आज मी आपणांपुढे ठेवणार आहे. ती इ. स. २५० ते २५८ या आठ वर्षांतील असून बहुतांशी उत्तर आफ्रिकेतील कार्थेज या नगरात, म्हणजे आजच्या ट्युनिस शहराजवळ, घडली.

मूळ शिकवण काय होती ते प्रथम पाहू. लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात उधळ्या पुत्राची कथा आहे. धाकटा मुलगा बापाच्या हयातीतच आपला वाटा मागून घेतो, दूर देशी जाऊन तो उडवतो, दुष्काळात डुकरे राखण्याची पाळी येते आणि मग त्याला घर आठवते. परतताना बापापुढे काय बोलायचे ते तो मनाशी घोकत येतो. त्या बोलण्यात तीन कलमे आहेत : मी अपराध केला, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला मी पात्र राहिलो नाही, मला आपल्या एखाद्या चाकरासारखे ठेवा. पण बाप त्याला दुरूनच पाहतो, धावत जातो आणि गळ्यात पडतो. मुलगा बोलू लागतो. पहिली दोन कलमे बोलून होतात, आणि तिसरे ओठांवर येण्यापूर्वीच बाप उत्तम झगा, अंगठी आणि जोडे आणायला फर्मावतो. चाकरीची अट मुलाच्या मनातच राहून जाते. विनाअट स्वीकार म्हणतात तो हाच.

कथेचा उत्तरार्ध मात्र आपण पुष्कळदा विसरतो. थोरला मुलगा शेतावरून येतो, वाजंत्री ऐकतो आणि रागाने उंबऱ्याबाहेरच थांबतो. इतकी वर्षे मी राबलो, शब्द मोडला नाही, मला कधी साधे करडूही मिळाले नाही. आणि सर्वस्व उडवून हा आला, तर याच्यासाठी पोसलेले वासरू! ही तक्रार खोटी नाही. बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो. पण थोरला आत गेला की नाही, हे कथा सांगत नाही. कार्थेजचा वाद हा वस्तुतः या थोरल्या भावाचाच वाद होता.

त्या नगरात या कथेवर आधीच खल झालेला होता. तिसऱ्या शतकाच्या आरंभी तेर्तुलियन नावाचा मोठा तल्लख ग्रंथकार तेथे होऊन गेला. प्रायश्चित्तावरील आपल्या पहिल्या पुस्तकात त्याने उधळ्या पुत्राची कथा पडलेल्या ख्रिस्ती माणसाला धीर देण्यासाठी सांगितली. पुढे तो एका कडक पंथाकडे झुकला, आणि तेव्हा लिहिलेल्या दुसऱ्या पुस्तकात त्याने तीच कथा उलटी फिरवली. हा उधळा पुत्र म्हणजे ख्रिस्ती माणूस नव्हेच, तो अजून धर्मात न आलेला परकीय होय. बाप्तिस्म्यानंतर जो घोर पातक करतो त्याच्यासाठी ही कथा नाही, असे त्याने प्रतिपादन केले. त्याच्या काळी प्रभुभोजनाच्या पेल्यांवर हरवलेले मेंढरू खांद्यावर घेतलेल्या मेंढपाळाचे चित्र काढीत. त्या चित्राचाही त्याने उपहास केला आहे. मनुष्य तोच, कथा तीच, आणि अर्थ दोन! हा बीजरूप वाद पुढे पन्नास वर्षांच्या आत साऱ्या मंडळीत पेटला.

इ. स. २४९ मध्ये डेशियस रोमचा बादशहा झाला. साम्राज्याच्या सीमांवर शत्रू उठले होते, आणि जुन्या देवतांची अवकृपा झाली आहे अशी भावना होती. डेशियसने हुकूम काढला की, साम्राज्यातील सर्वांनी देवांना बळी द्यावा, मद्य ओतावे, बळीचा प्रसाद चाखावा आणि तसे केल्याचा दाखला नेमलेल्या पंचांकडून घ्यावा. असे चाळीसहून अधिक दाखले ईजिप्तच्या वाळूत पपायरसवर लिहिलेले सापडले आहेत. त्यांत मगररूपी देवाच्या एका पुजारिणीचाही दाखला आहे! म्हणजे जी जन्मभर देवाचीच सेवा करीत होती तिलाही आपण देव मानतो असे सरकारी कागदावर लिहून घ्यावे लागले. हुकूम सर्वांनाच होता. परंतु ज्यांना तो पाळणे धर्मतः अशक्य होते, त्या ख्रिस्ती लोकांवर त्याचा घाव बसला.

कार्थेजमध्ये जे घडले त्याचे वर्णन तेथील बिशप सिप्रियन याने केले आहे. पुष्कळ लोक पकडले जाण्याची वाटही न पाहता आपण होऊन देवालयाकडे धावले. गर्दी एवढी झाली की, संध्याकाळ झाल्यावर अधिकारी लोकांना उद्या या म्हणू लागले, आणि लोकच आजच उरकून घ्या म्हणून विनवू लागले. आईबापांनी तान्ही मुले कडेवर घेऊन तेथे नेली. काहींनी बळी दिला, काहींनी नुसता धूप जाळला, आणि काहींनी यांपैकी काहीच न करता अधिकाऱ्याला पैसे चारून दाखला मिळवला. या सर्वांना मंडळीत ‘पतित’ म्हणू लागले. दुसऱ्या बाजूला असेही लोक होते की, ज्यांनी नकार दिला आणि तुरुंग, उपासमार, यातना सोसल्या. जे मेले ते हुतात्मे झाले. जे सोसून जिवंत राहिले त्यांना ‘कन्फेसर’, म्हणजे विश्वासाची उघड कबुली देणारे, असे म्हणत.

आता सिप्रियनची स्वतःची स्थिती पाहा. हा वक्तृत्वशास्त्राचा नामांकित शिक्षक, श्रीमंत घरचा, प्रौढपणी ख्रिस्ती झालेला आणि दोन-तीन वर्षांतच बिशपपदी आलेला. छळ सुरू होताच तो नगर सोडून गुप्त ठिकाणी गेला आणि तेथून पत्रांच्या द्वारे कारभार पाहू लागला. रोमचा बिशप फेबियन जानेवारी २५० मध्ये आपल्या विश्वासापायी मरण पावला होता. साहजिकच रोमच्या धर्मगुरूंनी कार्थेजला जे पत्र पाठवले त्यात कळप टाकून पळणाऱ्या भाडोत्री मेंढपाळाची आठवण सूचकपणे करून दिली. म्हणजे पतितांचा न्याय करण्याची पाळी ज्याच्यावर आली, तो स्वतः संशयाच्या छायेत उभा होता.

इतक्यात तुरुंगातून एक निराळीच गोष्ट सुरू झाली. हुतात्म्याची विनंती देव मानतो, अशी जुनी श्रद्धा होती. तेव्हा पतित लोक तुरुंगात जाऊन कन्फेसरांकडे रदबदलीची पत्रे मागू लागले. आपल्या परिचयाचा शब्द वापरायचा तर शुद्धिपत्रेच. कन्फेसरांनी ती सढळ हाताने दिली. काही पत्रांत अमक्याला त्याच्या घरच्यांसह घ्यावे, एवढेच मोघम लिहिलेले असे. घरचे म्हणजे किती, वीस की तीस, याचा हिशेबच नाही, अशी तक्रार सिप्रियनने केली आहे. ल्युशियन नावाच्या एका कन्फेसराने तर मरण पावलेल्या एका हुतात्म्याच्या नावाने सर्वच पतितांना शांती जाहीर करून टाकली.

येथे क्षणभर थांबावे असे मला वाटते. ज्यांनी सोसले होते तेच क्षमा करायला सर्वांत पुढे होते. ल्युशियनला रोमहून सेलेरिनस नावाच्या दुसऱ्या कन्फेसराचे पत्र आले होते. त्याची बहीण पतित झाली होती, आणि ईस्टरच्या आनंदाच्या दिवसांतही आपण तिच्यासाठी रात्रंदिवस रडत आहोत, असे त्याने कळवले होते. त्याला उत्तर लिहिणारा ल्युशियन स्वतः भुकेने आणि तहानेने अर्धमेला झालेला होता. असा माणूस क्षमा देतो तेव्हा त्याला उथळ म्हणणे जड जाते.

परंतु सिप्रियनचीही बाजू आहे, आणि ती हलकी नाही. ज्या बाईचा नवरा यातना सोसून मेला ती प्रभुभोजनाला येते, आणि तिच्या शेजारी काल धूप जाळून आलेला शेजारी, काही घडलेच नाही अशा चेहऱ्याने उभा राहतो. मंडळीने त्या बाईला काय सांगावे? क्षमा विनामूल्य आहे हे खरे. पण म्हणून अपराध घडलाच नाही असे नव्हे. जखम न उघडता वरून पट्टी बांधणारा वैद्य रोग्याचा घात करतो, अशा आशयाची उपमा सिप्रियन देतो. छळ संपू द्या, मी येतो, सर्वजण एकत्र बसून एकेकाचे प्रकरण पाहू, असे त्याचे म्हणणे पडले. त्यावर पाच धर्मगुरू त्याच्या विरुद्ध उठले आणि त्यांनी पतितांना ताबडतोब आत घ्यायला प्रारंभ केला.

२५१ मध्ये सिप्रियन नगरात परतला, आणि डेशियस गॉथ लोकांशी लढताना मारला गेला. त्याच वर्षी भरलेल्या बिशपांच्या परिषदेने मध्यममार्ग काढला. ज्यांनी नुसता दाखला विकत घेतला होता त्यांना चौकशी करून, पश्चात्ताप पाहून, आत घ्यावे. ज्यांनी प्रत्यक्ष बळी दिला होता त्यांनी प्रायश्चित्त करीत राहावे, आणि मरणसमयी त्यांना प्रभुभोजन द्यावे. कथेच्या भाषेत सांगायचे तर धाकट्याला घरात घेतले, पण मरेपर्यंत चाकर म्हणून.

एवढी क्षमाही काहींना फार वाटली. रोममध्ये नोव्हेशियन नावाचा विद्वान धर्मगुरू होता. नव्या बिशपाच्या निवडणुकीत कॉर्नेलियस निवडून आला, तेव्हा नोव्हेशियनने स्वतःला प्रतिस्पर्धी बिशप म्हणून दीक्षा करवून घेतली आणि जाहीर केले की, पतितांना मंडळीत पुन्हा जागा नाही, मृत्युशय्येवरही नाही. मौज अशी की, मरणोन्मुख पतितांना शांती द्यावी असे जे पत्र पूर्वी रोमहून कार्थेजला गेले होते, ते याच नोव्हेशियनने लिहिले होते, असे सिप्रियनने नोंदवून ठेवले आहे. नोव्हेशियनचे तत्त्व नीट ऐका. देव क्षमा करणार नाही, असे तो म्हणत नव्हता. देवाची गोष्ट देव जाणे. आम्ही मात्र क्षमा करणार नाही, आमची मंडळी शुद्धांची आहे, असे तो म्हणत होता. थोरल्या भावाने बापाला घराबाहेर काढले नाही. फक्त दाराची कडी आपल्या हातात घेतली.

याच सुमारास अलेक्झांड्रियाच्या डायोनिशियस या बिशपाने अँटिओकच्या बिशपाला, तो नोव्हेशियनकडे झुकतो आहे असे वाटल्यावरून, एक पत्र लिहिले. त्यात वादविवादापेक्षा एक साधी हकीकत आहे. सेरापियन नावाचा एक वृद्ध होता. जन्म सारा सचोटीत गेला. परीक्षेच्या वेळी मात्र तो ढळला आणि बळी देऊन बसला. पुढे त्याने पुष्कळदा विनवले, पण कोणी लक्ष दिले नाही. मग तो आजारी पडला, तीन दिवस वाचा गेली. चौथ्या दिवशी थोडी शुद्ध येताच त्याने नातवाला जवळ बोलावले आणि धर्मगुरूला आणायला पाठवले. रात्रीची वेळ, धर्मगुरू स्वतः आजारी होता, येऊ शकला नाही. परंतु मरणाऱ्याने विनवल्यास नाही म्हणू नये, अशी बिशपाची आज्ञा होती. त्याने प्रसादाच्या भाकरीचा एक लहानसा तुकडा मुलाच्या हाती दिला आणि तो पाण्यात भिजवून आजोबांच्या तोंडात थेंबथेंब सोड, असे सांगितले. मुलाने तसे केले. म्हाताऱ्याने तो घोट गिळला आणि प्राण सोडला. डायोनिशियस विचारतो ते इतकेच की, हा मनुष्य या एका घोटासाठीच जिवंत ठेवला गेला होता, हे उघड नाही काय?

या हकीकतीत ना परिषद आहे, ना कलमे. एक अडखळलेला म्हातारा, एक आजारी धर्मगुरू आणि अंधारातून धावत जाणारे एक पोर आहे. शंभर बिशप जे ठरवू शकत नव्हते ते त्या पोराने हातात धरून नेले.

कार्थेजमध्येही दार हळूहळू उघडत गेले. दोन-एक वर्षांत नव्या छळाची चिन्हे दिसू लागली, तेव्हा सिप्रियन आणि एकेचाळीस बिशपांनी मिळून ठरवले की, जे मंडळी सोडून न जाता प्रायश्चित्त करीत राहिले आहेत त्या सर्वांना, बळी दिलेल्यांनासुद्धा, आता परत घ्यावे. त्यांचा युक्तिवाद असा की, उद्या ज्यांना आपण ख्रिस्तासाठी रक्त सांडायला सांगणार, त्यांना आज ख्रिस्ताच्या रक्ताचा पेला कसा नाकारायचा? सैनिकाला निःशस्त्र रणात पाठवावे काय? २५१ मध्ये त्यांना भीती होती की, क्षमेने माणसे दुबळी होतील. आता त्यांना उमगले की, क्षमा मिळाल्यावाचून माणूस बळकट होत नाही. अट आणि तिचे फळ यांची जागाच बदलली.

त्याच काळात नगरात भयंकर साथ आली. लोक आपल्याच आप्तांना रस्त्यावर टाकू लागले. सिप्रियनने मंडळीला बोलावून सांगितले की, केवळ आपल्या लोकांची शुश्रूषा करण्यात विशेष काही नाही. ज्यांनी आपला छळ केला त्यांचीही केली पाहिजे. त्याचा चरित्रकार पॉन्शियस हे सांगतो. पतितांविषयी जो धडा शिकायला त्याला इतकी वर्षे लागली, तो आता भिंतीबाहेरच्यांनाही लागू झाला.

२५८ मध्ये, व्हॅलेरियन बादशहाच्या कारकीर्दीत, सिप्रियनवर पुन्हा पाळी आली. या वेळी तो पळाला नाही. १४ सप्टेंबर रोजी त्याचा शिरच्छेद झाला. मरण्यापूर्वी त्याने आपल्या माणसांना सांगून मारेकऱ्याला पंचवीस सुवर्णनाणी देवविली, अशी समकालीन वृत्तांतात नोंद आहे. आठ वर्षांपूर्वी जो संकटातून निसटला होता, त्याला दुसरी संधी मिळाली होती. ती त्याने कशी वापरली हे साऱ्या नगराने पाहिले.

नोव्हेशियनचा पंथ मात्र संपला नाही. तो पुढे काही शतके टिकला. ३२५ मध्ये नायसियाच्या परिषदेत त्या पंथाचा एक बिशप आला होता. कॉन्स्टंटाइन बादशहाने त्याचे कडक मत ऐकून घेतले आणि थट्टेने म्हटले की, मग तुम्ही एक शिडी लावा आणि एकटेच स्वर्गात चढा. ही आख्यायिका सॉक्रेटीस नावाच्या पाचव्या शतकातील इतिहासकाराने दिली आहे. परंतु हसणाऱ्यांचे घरही पुरते उघडे नव्हते. त्याच परिषदेने नंतरच्या एका छळात, सक्ती नसताना, धर्म सोडणाऱ्यांना तीन, सात आणि दोन अशी बारा वर्षांची प्रायश्चित्ताची मुदत घालून दिली. मात्र त्याच नियमावलीत असेही ठरले की, मरणाऱ्याला प्रभुभोजन नाकारू नये. सेरापियनच्या नातवाने केले होते तेच आता कायदा झाले.

मुदती आल्या म्हणजे मुदतीत सूट आली, आणि सूट आली म्हणजे तिचा भाव ठरायला वेळ लागत नाही. एकाचे पुण्य दुसऱ्याच्या खाती जमा करता येते, ही कार्थेजच्या तुरुंगातील भाबडी कल्पना मध्ययुगात संतांच्या पुण्यभांडाराच्या सिद्धांतापर्यंत पोहोचली. १३४३ मध्ये पोप सहावा क्लेमंट याने तो अधिकृतपणे मांडला. १५१५ मध्ये रोमच्या सेंट पीटर देवालयासाठी जे क्षमापत्र काढण्यात आले, त्यात जर्मनीत ऐपतीप्रमाणे दर होते : राजेराण्यांना पंचवीस सुवर्ण गुल्डेन, खालच्यांना कमी, आणि निष्कांचनाने प्रार्थना-उपवास करावा. वसुलीचा अर्धा भाग फुग्गर या सावकारी पेढीचे कर्ज फेडण्याकडे जात होता. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी विटेनबर्गच्या मार्टिन ल्यूथरने या व्यवहाराविरुद्ध ९५ कलमे पुढे केली. देवाची कृपा कमावता येत नाही आणि विकतही घेता येत नाही, ती नुसती स्वीकारायची असते, हा त्याचा पुढील सर्व शिकवणीचा गाभा. कॅथलिक मंडळीनेही हा बाजार चालू ठेवला नाही. १५६२-६३ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने आणि १५६७ मध्ये पोप पाचवा पायस याने क्षमापत्रांतील पैशाचा व्यवहार बंद केला. आणि ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे कॅथलिक आणि ल्यूथरन प्रतिनिधींनी एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या : आपल्या कोणत्याही योग्यतेमुळे नव्हे, केवळ कृपेने देव आपला स्वीकार करतो. दोन्ही घरांना हे एकत्र म्हणायला जवळजवळ पावणेपाचशे वर्षे लागली.

श्रोतेहो, या इतिहासावरून थोरल्या भावाला दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. मला तसे करवत नाही. त्याच्या हातांवर खरेच घट्टे आहेत. अपराध्याला क्षमा करताना ज्याने सोसले त्याला विसरणारी मंडळी निर्दय होते, हे सिप्रियनला कळले होते, म्हणून तो थांबला. पण प्रायश्चित्ताची वर्षे मोजता मोजता म्हातारा दारात मरून पडेल, हे डायोनिशियसच्या धर्मगुरूला कळले होते, म्हणून तो थांबला नाही. आणि तुरुंगातल्या ल्युशियनकडे पाहिले म्हणजे आणखी एक गोष्ट ध्यानात येते. पुष्कळदा ज्याने खरे सोसलेले असते तो क्षमा करून मोकळा होतो. हिशेब धरून बसतात ते आपल्यासारखे, मधल्या रांगेतले. येशूच्या कथेतला बाप अंगणात उभा राहून बोलतो आहे तो धाकट्याशी नव्हे. धाकटा केव्हाच आत जाऊन जेवायला बसला आहे.